सोमवारी बाबा घरी कसे? किशोर कादंबरीतल्या बारीकसारीक तपशिलांविषयी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: १९८२च्या गिरणी संपावर किशोर कादंबरी लिहायला घेतली आहे. नायिका तेरा वर्षांची, लालबागच्या चाळीत वाढलेली. पण दर चार ओळींमागे हात अडतो. वडापाव केवढ्याला मिळायचा, ती कितवीत असेल, दिवाळी कधी होती, चाळीत आशियाई स्पर्धा रंगीत टीव्हीवर बघितल्या असतील का. तीन महिन्यांत माहितीच्या दोन वह्या भरल्या आणि कादंबरी अजून दुसऱ्याच प्रकरणात आहे. तर किती शोधायचं, कुठे शोधायचं आणि थांबायचं कधी?

मी पंचवीसेक वर्षं मुलांसाठी लिहिते आहे, आणि त्यातला बराच काळ दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचून चुका काढण्यात गेला. त्या भांडवलावर सांगते. तुमच्या वह्या वाया गेलेल्या नाहीत. पण तुम्ही सगळे प्रश्न एकाच तराजूत टाकलेत. वडापावची किंमत आणि मुलीची इयत्ता तुमच्या यादीत एकाखाली एक आहेत. किंमत चुकली तर एखादे आजोबा मिशीत हसतील. इयत्ता चुकली तर पुस्तकाचा पाया हलेल.

इयत्तेचंच बघू. मुंबई महापालिकेच्या बहुतेक शाळा तेव्हा सातवीपर्यंत. आठवीला दुसरं हायस्कूल शोधावं लागे, बहुधा खासगी संस्थेचं. संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ला. मुलगी सातवीत असेल तर एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, जूनमध्ये नवी शाळा, नवा गणवेश, नवी पुस्तकं, आणि घरात पाच महिने पगार नाही. तीच मुलगी आठवीत असेल तर जूनमध्ये फक्त वर्गाची खोली बदलते. तेरा वर्षांची मुलगी दोन्हीकडे बसते, तेव्हा तिला सातवीत बसवा. निम्मं कथानक आयतं हाताशी येतं. मग फी किती होती, माफी कोणाला मिळायची, अर्जावर कोणाची सही लागायची, हे मात्र जिवापाड शोधा, कारण तिचा जून महिना त्यावर उभा आहे. मोठ्या भावाची इयत्ताही तपासा. दहावीची पहिली बॅच मार्च १९७५ची, त्याआधीचे सगळे अकरावी मॅट्रिक. चाळीतला एखादा काका 'मी मॅट्रिक' म्हणाला तर ती अकरावी, हे तुमच्या मनात पक्कं हवं. पुस्तकात सांगायची गरज नाही.

इयत्तेइतकंच पंचांगही पायाचं. कुठलंही जुन्या काळातलं पुस्तक असलं की माझं पहिलं काम ठरलेलं: त्या वर्षाचं पंचांग नाहीतर कॅलेंडर मिळवायचं. ही सवय मला एका पोस्टकार्डाने लावली. माझ्या पहिल्याच पुस्तकात लक्ष्मीपूजनाच्या रात्री नायक खिडकीतून चंद्राकडे बघत बसला होता. सातवीतल्या एका मुलाने प्रकाशकाच्या पत्त्यावर लिहिलं, 'ताई, लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं. चंद्र कुठून आणलात?' पुढे एक ओळ होती, 'बाकी गोष्ट चांगली आहे.' ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

१९८२चं पंचांग उघडलंत की तुमच्या हाताला काय लागतं बघा. १८ जानेवारी हा सोमवार. संक्रांत त्याआधीच्या गुरुवारी, १४ तारखेला. म्हणजे संपाच्या पहिल्या दिवशी घरात तिळगुळाचा डबा अजून संपलेला नाही. पौष वद्य पक्ष आहे, पहाटे आकाशात जेमतेम अर्धा चंद्र, आणि जानेवारीत मुंबईला सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो. अंधारात उठणाऱ्या घराचं चित्र एवढ्यावरच उभं राहतं. मुख्यमंत्रिपदावरून अंतुले नुकतेच पायउतार झाले होते आणि बाबासाहेब भोसले आले ते त्याच आठवड्यात. त्यामुळे संपाच्या सकाळी नाक्यावर कोणी 'मुख्यमंत्री भोसले' असं म्हणत असेल तर ते वाक्य काढा.

पण खरी गंमत पुढे आहे. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला, रविवारी आली. तुमच्या आराखड्यात लिहिलंय, 'गणपती गेले आणि पंधरवड्याने नवरात्र बसलं.' एरवी चाललं असतं. पण १९८२ साली अधिक अश्विन होता. अनंत चतुर्दशी सप्टेंबरच्या सुरुवातीला आणि दसरा २७ ऑक्टोबरला. मधे जवळजवळ दोन महिने सण नाही. संपाचा आठवा-नववा महिना, हातात काही नाही आणि सणही लांबलेला. आधी पितृपक्ष, मग अधिक महिना. त्यात गावाकडे जावयाला अधिक महिन्याचं वाण द्यायची रीत. एखाद्या घरात लेकीचं लग्न नुकतंच झालं असेल तर त्या अनारशांचं तूप कुठून आणायचं? हा प्रसंग मी बसल्या जागी कल्पनेने कधी रचू शकले नसते. पंचांगाने आयता दिला.

आता तपशील वापरायचा कसा, याकडे वळू. तुमच्या पहिल्या प्रकरणात मुलगी म्हणते: 'त्या दिवशी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली बेमुदत संप पुकारला.' माहिती बरोबर आहे. पण ही मुलगी बोलत नाही, हे वर्तमानपत्र बोलतंय. त्याच माहितीतला वार घ्या आणि तिच्या उंचीवर या:

'सोमवारी मी शाळेतून आले तर बाबा घरी. सदरा खुंटीला, डबा फडताळात पालथा. मला वाटलं, बरं नाहीये. मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, हातपाय धू.'

संप हा शब्दही आलेला नाही. ज्या घरात पाळीवर दिवस चालतो तिथे बाप अवेळी घरात दिसणं हीच मुलीसाठी बातमी असते. (बाबांची पाळी कुठली ते आधी ठरवा. रातपाळी असेल तर ते एरवीही दिवसा घरीच असणार, आणि हा सगळा प्रसंग कोसळेल. मी एका हस्तलिखितात अगदी हेच पकडलं होतं.) अडीच लाखांचा आकडा तुम्हाला माहीत असावा, तिला नसावा. मी प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारते: हे माझ्या गोष्टीतल्या पोराला कसं कळलं? त्याने पाहिलं, कोणाकडून ऐकलं, की त्याला ते आणायला दुकानात पाठवलं होतं? तिन्हीपैकी काहीच नसेल तर तो तपशील माझ्या वहीत राहतो.

लहान मुलांना त्या काळी दुकानात फार पाठवत. हा तुमच्यासाठी खजिना आहे. स्टोची पिन, रॉकेल, रेशनवरचं पामतेल, बाबांची तंबाखू. रॉकेलच्या रांगेत उभी असलेली मुलगी डबा, कार्ड आणि पैसे दोन हातांत कशी धरते, हे लिहिता आलं पाहिजे. त्यासाठी रॉकेलचा अचूक भाव लागत नाही. डब्याला झाकण होतं की बुच, कार्ड कशात गुंडाळलेलं असायचं, मोजून घालणारा माप थेट डब्यात ओतायचा की नरसाळं लावायचा, हे लागतं. आणि हे कुठल्याही अभिलेखागारात मिळत नाही. ते माणसांकडेच मिळतं.

तुमची नायिका आज साठीच्या आसपास आहे. तिला गाठा. लालबाग-परळमध्ये नसेल तर डोंबिवली, विरार, बदलापूरला असेल, कुडाळला असेल, पाटण-खटावकडे असेल. पण तिला 'संपाबद्दल सांगा' असं म्हणू नका. असं विचारलं की माणूस भाषण देतो, आणि ते भाषण आपण आधी वाचलेलं असतं. माझे चुलते गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि लालबागला गाववाल्यांच्या गाळ्यात राहायचे. मी त्यांना चार वेळा संपाबद्दल विचारलं, चारही वेळा तेच पुढाऱ्यांचं पुराण ऐकलं. पाचव्यांदा सहज विचारलं, 'तात्या, गाळ्यात तुमची झोपायची जागा कुठली?' तात्या उठले आणि खडूने फरशीवर चौकोन काढायला लागले. खोली एक, माणसं वीसच्या वर. दिवसपाळीवाले कामावर गेले की रातपाळीवाले त्यांच्याच जागेवर पाठ टेकायचे. प्रत्येकाची ट्रंक, प्रत्येकाची वळकटी, जागा मात्र सामाईक. मग म्हणाले, 'संप झाला आणि सगळेच एकदम घरात. झोपायचं कुठं? निम्मे फुटपाथवर, निम्मे गावाला.' संपाने लोक गावी का गेले याची कारणं मी पुस्तकांत वाचली होती. अंगाला अंग लावून झोपायलाही जागा उरली नाही, हे कारण मला खडूच्या चौकोनाने सांगितलं.

तेव्हा वस्तू विचारा, जागा विचारा, हातांच्या हालचाली विचारा. डबा कोण पोचवायचं? खानावळवाली बाई उधारी कुठे लिहायची? गिरणीचा भोंगा घरातून ऐकू यायचा का, आणि त्यावर घरातली कुठली कामं चालायची? कामाचे शब्द जसे कानावर पडतील तसे टिपा: साचा, धोटा (शटल), कांडी (धोट्यातली सुताची), जॉबर (मुकादम), बदली. 'लूम' आणि 'शटल' हे शब्द तुमच्या पात्रांच्या तोंडी घालण्याआधी अशा घरांतल्या तिघांना विचारून घ्या. खात्या-खात्याप्रमाणे शब्द बदलतात. 'बदली' या शब्दाला तर अख्खं प्रकरण द्या. बदली कामगाराला रोज गेटवर उभं राहावं लागे, कोणी गैरहजर असेल तर काम. तुमच्या मुलीचे बाबा कायम आहेत की बदली, यावर त्या घराची पत, किराणावाल्याची उधारी आणि आईचा आवाज हे सगळं ठरतं. हाही इयत्तेसारखाच पायाचा दगड.

पैशांविषयी मात्र वेगळं सांगते, कारण तिथे सगळेच घसरतात. आठवणीतल्या किमतींवर विश्वास ठेवू नका. एकाच चाळीतली दोन माणसं एकाच वडापावच्या दोन किमती शपथेवर सांगतात. छापील किंमत शोधा: वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर त्याच अंकाची किंमत असते, दिवाळी अंकावर असते, पोस्टकार्डावर तिकिटाच्या जागी असते. कोणाच्या आजीची हिशेबाची वही मिळाली तर सोनं. आणि किंमत मिळाली नाही तरी नाणं नक्की मिळतं. १९८२ साली मुलीच्या मुठीत काय असेल? ॲल्युमिनियमचं चौकोनी पाच पैशांचं, कडेला लाटा असलेलं दहा पैशांचं, चाराणे, आठाणे. षट्कोनी वीस पैसे त्याच वर्षी आले, तोवर कमळ असलेला पितळी वीस पैसा कुठे कुठे टिकून होता. दशमान नाणी १९५७ला आली, तरी लोकांच्या तोंडी चाराणे-आठाणे कितीतरी वर्षं राहिले. ॲल्युमिनियमचं नाणं तळहातावर जवळजवळ वजनच देत नाही, आणि घामाने हाताला वास येतो. जुन्या बाजारातून चार नाणी विकत घ्या आणि एक दिवस खिशात घेऊन फिरा. किंमत मग लिहावीच लागत नाही. 'आठाणे दिले, सुटे परत आले नाहीत' एवढ्यावर निभावतं.

मुलांच्या जगाचे छापील पुरावे कमी असतात, हे खरं. मोठ्यांनी स्वतःसाठी सगळं नोंदवलं, पोरांचं कोण लिहिणार? तरी आपल्याकडे 'किशोर' मासिक आहे. बालभारतीने १९७१पासून काढलेलं, आणि जुने अंक आता संगणकावर फुकट वाचायला मिळतात. १९८१-८२चे सगळे अंक ओळीने वाचा. गोष्टींपेक्षा मुलांनी पाठवलेला मजकूर, कोडी, चित्रांतले कपडे, शाळेच्या दप्तरांचे आकार बघा. पाठ्यपुस्तकंही बघा, सातवीच्या मराठीत त्या वर्षी कुठली कविता होती हे कळलं तर मुलगी ती गुणगुणेल. वर्तमानपत्रांच्या फायलींसाठी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत जा. बातम्या वाचाच, पण अर्धा वेळ जाहिरातींना द्या. त्यातून काय होतं यापेक्षा काय नव्हतं हे जास्त कळतं. दोन मिनिटांत शिजणाऱ्या नूडल्सचं पाकीट माझ्याकडे आलेल्या तीन हस्तलिखितांत १९८०च्या आधीच शिजलंय. मॅगी भारतात आली १९८३च्या सुमारास. मारुती ८०० रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ला. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं, त्यामुळे तुमचं कुटुंब कुडाळला जाईल ते रात्रभर एसटीने, ओकाऱ्या काढत. आणि कुडाळ तेव्हा सिंधुदुर्ग जिल्ह्यात, पण नवा जिल्हा १ मे १९८१ला झालेला. आजी अजून 'आमचो रत्नागिरी जिल्हो'च म्हणेल, आणि पत्त्यावर काय लिहायचं यावरून घरात मजेशीर वाद होऊ शकतो.

नावांमध्ये एक जागा मराठीत लिहिणाऱ्यांना सोपी आहे. शहराचं नाव १९९५ला सरकारी कागदांवर बदललं, पण मराठी माणूस आधीपासून मुंबईच म्हणत होता, तेव्हा ती काळजी नको. इंग्रजी पाटी वाचून दाखवायची असेल तेवढीच 'बॉम्बे'. प्रभादेवी स्टेशन मात्र चालणार नाही, ते २०१८पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं. सीएसटीही नाही. मुलगी 'व्हीटी' म्हणेल आणि तिची आजी 'बोरीबंदर'.

पत्रव्यवहारात एक वस्तू तुम्ही वह्यांमध्ये कुठेच नोंदवलेली नाही, याचं मला आश्चर्य वाटलं: मनीऑर्डर. कोकणातली आणि घाटावरची कितीतरी घरं गिरणीच्या मनीऑर्डरवर जगत. फॉर्मच्या खाली दोन-चार ओळींचा मजकूर लिहायला जागा असे. ज्या घरात आईला लिहिता येत नाही तिथे तो मजकूर कोण लिहिणार? तेरा वर्षांची मुलगी. संपाआधी ती लिहिते, 'पैसे पाठवत आहोत, आजीला औषध आणणे.' संप सुरू झाल्यावर फॉर्मच येत नाही आणि गावाकडून तांदळाचं गाठोडं एसटीवर चढतं. घरात पैसा कमी झाला हे कोणी तिला सांगायची गरज नाही. तिचं लिहायचं काम बंद पडलं, एवढ्याने कळतं.

मोठ्या घटनांचं काय करायचं? तिच्या अंगावर येतील तेवढ्याच घ्या. १८ ऑगस्टला मुंबईत पोलीस शिपायांचंच बंड झालं, दंगल उसळली, लष्कर बोलवावं लागलं, आणि ते गिरणगावात रस्त्यावर दिसलं. गणपतीला चार दिवस राहिलेले. मखराचं सामान आणायला गेलेली मुलगी त्या बुधवारी कुठे अडकली असेल, हा तुमचा प्रसंग. त्याआधी २६ जुलैला बंगळूरला चित्रीकरणात अमिताभ बच्चन जबर जखमी झाला आणि त्याला मुंबईत आणलं. संपातल्या मागण्यांचा मसुदा तुमच्या मुलीला माहीत नसेल, पण अमिताभ वाचला की नाही हे ती रोज विचारेल. काही लेखकांना हे हलकं वाटतं, संपासारख्या गंभीर विषयात नट कशाला म्हणून ते गाळतात. माझ्या मते तिथेच पुस्तक मोठ्यांचं होऊन जातं. तेरा वर्षांच्या डोक्यात उपासमार आणि अमिताभ एकाच वेळी मावतात.

आता थांबायचं कधी. मी लिहिताना शोधत नाही. जिथे अडेन तिथे समासात पेन्सिलीने एक तारा काढते आणि पुढे जाते. 'तिने * पैशांचा * घेतला' असं वाक्य माझ्या पहिल्या खर्ड्यात सर्रास असतं. खर्डा संपला की तारे मोजते. गेल्या पुस्तकात शंभराच्या वर होते. त्यातले निम्म्याहून जास्त वाक्यासकटच गेले, कारण तो प्रसंगच कापला. उरलेल्यांसाठी दोन आठवडे ग्रंथालयात बसले आणि चार माणसांना फोन केले. तुम्ही उलटं केलंत: जे प्रसंग राहणारच नाहीत त्यांचेही तारे आधी पुसत बसलात. अपवाद फक्त इयत्ता, बापाची नोकरी, पंचांग यांसारख्या गोष्टींचा. त्या खर्ड्याआधी पक्क्या हव्यात. आणि एकदा छापायला जाण्यापूर्वी हस्तलिखित त्या भागातल्या एखाद्या माणसाला वाचायला द्या, लेखकाला नको. तो भाषेचं काही बोलणार नाही, पण 'या वेळेला त्या नळाला पाणी नसायचं' असं म्हणेल. असं एक वाक्य मिळालं की मी त्या माणसाला जेवायला बोलावते.

इंटरनेटवर मिळालेली तारीख दुसऱ्या पानावर पुन्हा दिसली म्हणून ती खरी झाली असं समजू नका, बहुतेक वेळा एकाने दुसऱ्याची उचललेली असते. त्या काळात छापलेला कागद आणि त्या काळात जगलेलं माणूस, दोन्हींचं जुळलं तर लिहा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, टीव्हीचा. देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं १५ ऑगस्ट १९८२ला. दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांचं उद्घाटन झालं १९ नोव्हेंबरला, शुक्रवारी. लक्ष्मीपूजन झालं होतं १५ला, म्हणजे दिवाळी नुकतीच उरकलेली, दहा महिन्यांच्या संपातली. प्रक्षेपण रंगीत असलं तरी संच रंगीत असल्याशिवाय रंग दिसत नाहीत, आणि त्या चाळीत त्या दिवाळीला रंगीत संच कोण घेणार? तेव्हा संच काळा-पांढराच ठेवा. तो कोणाच्या खोलीत होता ते ठरवा, शक्यतो गिरणीत नसलेल्या माणसाच्या, बँकेत नाहीतर बेस्टमध्ये असलेल्या. दारात चपलांचा ढीग आहे, मुलगी आत बसलीय की खिडकीच्या गजांना लोंबकळतेय, हेही ठरवा. आणि बघायला येणाऱ्या पोरांकडून पाच-दहा पैसे घ्यायचे का, हे त्या चाळींत वाढलेल्या निदान तीन बायकांना विचारा. तिघींची उत्तरं वेगळी आली तर तुमच्या कथेला हवं ते घ्या. तोवर त्या जागी तारा काढा आणि तिसरं प्रकरण सुरू करा.